चिखलीचा भोंगा

मी एक जुना पितळी भोंगा आहे. पुढे कर्ण्यासारखं तोंड, मागे रबरी फुगा. फुगा दाबला की मी असा ओरडतो, की झोपलेलं कुत्रंही दचकून उठावं. मित्रांनो, माझा आवाज गोड आहे असं मी म्हणत नाही. पण खणखणीत आहे, हे कुणालाही विचारा.

एका तांबटाने मला घडवलं. पहिली नोकरी चिखलीत, कचरूच्या कुल्फीच्या गाडीवर. त्याने गाडी बंद केली तेव्हा मी मोडीतच जायचा. मला वाचवलं रमाकांतकाकांनी. काका कचेरीत कारकून, अंगाने काडीपैलवान, आवाज त्याहून बारीक. पण चिखलीच्या तरुण मंडळाच्या फुटबॉल संघावर त्यांचा भारी जीव. आणि हा संघ हरण्यात अगदी नियमित! मेहकरच्या स्पर्धेला जायचं, पहिलाच सामना हरायचा आणि संध्याकाळच्या एसटीने परतायचं, असं बावीस वर्षं चाललं.

तुम्हाला वाटेल, आपला गोल झाला की काका मला वाजवत असतील. छे! तसं असतं तर मी मुकाच राहिलो असतो. काकांची रीत न्यारी. आपल्यावर गोल बसला आणि पोरं माना खाली घालून उभी राहिली, की ते मला एकदा दाबायचे. अर्थ एवढाच, उचला चेंडू आणि ठेवा मैदानाच्या मधोमध. पोरं तसं करायची आणि खेळ पुन्हा सुरू व्हायचा. लोक मात्र हसायचे. "वाजला रे भोंगा, बसला चिखलीवर गोल!" काकांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. मला फार लाज वाटायची, खोटं कशाला सांगू?

मग काकांचे गुडघे दुखू लागले. दोन वर्षं मी माळ्यावर पडून राहिलो. अंग काळं पडलं, फुग्याला चिरा गेल्या. यंदा एके दिवशी संघाचा कप्तान दीपक घरी आला.

"काकाजी, यंदा हरलो तं मंडळ बंद करतो. पोरं जमूनच नाई राह्यले. लोकं हासतात, कोणाले आवडते?"

तो गेल्यावर काकांनी मला खाली काढायला लावलं. काकांच्या बायकोने, पद्मजाकाकूंनी, मला चिंचेने घासलं आणि सायकलच्या दुकानातून नवा फुगा बसवून आणला. "स्वतःच्या गुडघ्याले तेल लावाले वेळ नाई, अन् भोंग्याचे लाड!" असं कुरकुरत त्याही मेहकरच्या गाडीत बसल्या.

सामन्यात आमच्यावर लवकरच दोन गोल बसले. मी दोनदा वाजलो. आणि मग आमच्या बुटक्या ऋत्विकने लांबून चेंडू हाणला, तो थेट जाळीत! पण काकांचा हात माझ्या फुग्यावर तसाच थिजला. पोरं आमच्याकडे बघू लागली. गोलानंतर भोंगा वाजतो एवढंच त्यांना ठाऊक. तो वाजला नाही, म्हणजे गोल धरलाच नाही! ऋत्विक रडवेला होऊन पंचांकडे धावला, "काऊन नाई देला, सर?"

"अरे, देला ना!" पंच चक्रावले.

"अहो, वाजवा ना!" काकू ओरडल्या.

"आपल्या गोलाले कसं वाजवाचं, मले कुठं माहीत!" काका म्हणाले आणि ढसाढसा रडू लागले. काकूंनी मला हिसकावलं आणि असं दाबलं, असं दाबलं, की अख्खं मैदान हसलं. या वेळी मला लाज वाटली नाही.

शेवटी शेवटी आमच्यावर तिसरा गोल बसला. काकांनी मला हातात घेतलं. पण फुगा दाबण्याआधीच दीपकने जाळीतून चेंडू काढला आणि धावत मैदानाच्या मधोमध नेऊन ठेवला. बाकीची पोरं आपापल्या जागी उभीही राहिली होती.

आम्ही हरलो. काकांनी दीपकला हळूच विचारलं, "मंग, बंद?"

"कायचं बंद, काकाजी? उद्या पाच वाजता सराव आहे. मी गाडी घेऊन येतो तुम्हाले न्याले."

मित्रांनो, तुमच्याही गावात सतत हरणारा एखादा संघ असेल. त्याला हसू नका. त्याच्या बाजूला जाऊन बसा आणि सामना संपेपर्यंत उठू नका.