ओरिएताबाईंनी अडवून ठेवलेले पैसे

यास्नाने मुलीचं नाव सहलीतून काढलं, तेव्हा तिला वाटलं होतं की आठवडाभरात पैसे हातात येतील आणि विषय मिटेल. पैशांची तशी निकड नव्हती. नवरा उत्तरेच्या खाणीत, ती स्वतः तोमे गावच्या मासळी कारखान्यात. घर चाललं होतं. पण जोवर पैसे वर्गातल्या पालकांच्या खजिनदारणीकडे आहेत, तोवर अनाईसची आशा सुटत नाही, हे तिला रोज जेवताना दिसायचं. पोरगी तोंडाने काही मागत नव्हती, भांडत नव्हती. भांडली असती तर यास्नाला सोपं गेलं असतं.

आठवीची सहल म्हणजे त्या गावात लग्नघरच. आईबाप वर्षानुवर्षं हप्ते भरतात, आणि शिवाय शनिवारी शाळेच्या अंगणात कोम्प्लेतो विकतात. लांबट पावात सॉसेज, वर टोमॅटो, वर ठेचलेला अवोकाडो आणि त्यावर मेयोनीज, इतकं की खाणाऱ्याच्या नाकाला लागलंच पाहिजे. ज्याचं त्याचं काम ठरलेलं. अवोकाडो यास्नाकडे. तिच्या हातचा अवोकाडो काळा पडत नाही अशी ख्याती होती, आणि तिलाही त्याचा जरा तोरा होता.

उन्हाळ्याची सुट्टी संपून मार्चमध्ये शाळा उघडली आणि अनाईस जिन्यातच कोसळली. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, लहान मुलांना होतो तो. आता जन्मभर इन्सुलिन. तेव्हापासून यास्नाचा जीव थाऱ्यावर नव्हता. मुलगी दार लावून आंघोळीला गेली तरी ही बाहेरून हाका मारायची. अशी पोर रात्रभराच्या बसने ला सेरेना शहरात सहलीला पाठवायची, ती कोणाच्या भरवशावर? वर्गशिक्षक म्हणाले, मी आहे ना. सर मनाने चांगले, पण स्वतःचा चष्मा कपाळावर चढवून वर्गभर शोधत फिरणारे. यास्नाने त्याच दिवशी नाव काढलं.

नियम साधा होता. कोम्प्लेतो विकून आलेले पैसे वर्गाचे, भरलेले हप्ते ज्याचे त्याला परत. पण खजिनदार ओरिएताबाई काही हलेनात. त्यांचं बाजारात केस कापायचं दुकान. यास्ना पहिल्यांदा गेली तेव्हा त्या म्हणाल्या, लेखी अर्ज आण. अर्ज नेला, तर दुसरी सही करणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला तेमुकोला गेलेली. ती परतली, तर सहल कंपनीचा माणूस फोन उचलत नव्हता. कारखान्यात मासे साफ करता करता बायका कुजबुजायला लागल्या. पलीकडच्या शाळेच्या खजिनदाराने म्हणे मुलांच्या पैशांतून घराला नवं छप्पर घातलं. त्यातच यास्नाला ओरिएताबाईंच्या दुकानात एक कोरी करकरीत लाल खुर्ची दिसली, खालीवर होणारी. तिच्या डोक्यात हिशेब जुळला.

पुढच्या खेपेला ती भांडायच्या तयारीनेच गेली. खुर्ची छान आहे, म्हणाली, आवाजात जेवढं विष घालता येईल तेवढं घालून.

"आहे ना? बस बघू तिच्यात," ओरिएताबाई म्हणाल्या. "आणि काय गं ही केसांची दशा? आरशात बघतेस की नाही?"

यास्ना बसली. का बसली, ते तिचं तिला कळलं नाही. कित्येक महिन्यांत तिच्या डोक्यावरून कोणी हात फिरवला नव्हता. कात्री चालू असताना ती सगळं बोलून गेली, झोप लागत नाही तेही, अनाईस आपल्याकडे बघायचं टाळते तेही. ओरिएताबाई ऐकत राहिल्या. केस कापल्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, आणि सहलीचे दिलेही नाहीत. वर बजावलं, की पैसे मिळेपर्यंत तू वर्गातच आहेस, शनिवारचा अवोकाडो तुझाच. घरी पोचल्यावर यास्नाला स्वतःचाच संताप आला. भांडायला गेलेली बाई केस कापून परत आली होती.

शनिवारी ती गेली, कारण जाऊन आज सगळ्यांसमोर विचारायचंच असं तिने ठरवलं होतं. अनाईसही आली, मैत्रीण मिलाराई आणि ती मिळून गिऱ्हाइकांना ताटं पोचवत होत्या. मिलाराई म्हणजे वर्गातला भोंगा. तिचा आवाज अंगणभर. संध्याकाळची प्रार्थना होऊन चर्च सुटलं तशी गर्दी झाली, आणि यास्ना कोपरापर्यंत अवोकाडोत बुडाली. विचारायचं राहूनच गेलं.

मग मिलाराईचा आवाज थांबला. यास्नाने मान वर केली. अंगणाच्या त्या टोकाला अनाईस ताट धरून उभी होती, चेहरा पांढराफटक, ओठ थरथरत होते. तो चेहरा यास्नाच्या ओळखीचा होता, रक्तातली साखर उतरली की व्हायचा तो. ती टेबलामागून निघाली, पण मधे रांग, बाकं, कोणाची तरी बाबागाडी. तिला वाटलं आपण पोचणारच नाही.

तोवर मिलाराईने ताट काढून घेतलं होतं आणि अनाईसला बाकावर बसवलं होतं. एका मुलीने स्वतःच्या पिशवीतून रसाचा डबा काढून नळीसकट तिच्या हातात दिला. दुसऱ्या पोराने अनाईसच्या कमरेची थैली उघडली, साखर मोजायचं मशीन काढलं. त्याने मागायच्या आधीच अनाईसने बोट पुढे केलं. कोणी कोणाला काही विचारलं नाही, कोणी धावपळ केली नाही. धापा टाकत पोचलेल्या यास्नाकडे मिलाराईने वळूनही बघितलं नाही.

"मावशी, जरा मागे सरका. तिला हवा लागू दे."

आणि यास्ना मागे सरकली. मार्चपासून पहिल्यांदाच अशा वेळी ती आपल्या लेकीपासून दोन पावलं लांब उभी होती, आणि लेक रस पीत होती. हळूहळू गालांवर रंग आला. पोरांनी पुन्हा बोट टोचलं, आकडा बघितला, मग तिला नुसता पाव खायला दिला. सॉसेज कुठंय, असं अनाईसने विचारलं, तेव्हा सगळी हसली.

"हे तुम्हाला शिकवलं कोणी?" यास्नाने विचारलं.

अनाईसने मान खाली घातली. उत्तर मिलाराईने दिलं. दर गुरुवारी शाळा सुटली की ओरिएतामावशीच्या दुकानात. दवाखान्यातली नर्स यायची. त्या लाल खुर्चीत आळीपाळीने पेशंट व्हायचं. सगळ्यांनी एकमेकांची बोटं टोचली होती. तिने आपली दहाही दाखवली. सरांनाही शिकवलं, म्हणाली, पण रक्त बघून तेच खुर्चीत आडवे झाले, म्हणून बसमध्ये त्यांच्याकडे फक्त रसाचे डबे.

"मला का नाही सांगितलंस?" यास्ना लेकीला म्हणाली.

"तू नको म्हणाली असतीस, आई."

हे खरं होतं. यास्नाला ते लागलं. तिची भीती तशीच होती, ती कुठे जाणार. पण त्या भीतीच्या शेजारी आता आणखी काहीतरी येऊन बसलं होतं. तिला त्या भोंग्याला छातीशी धरावंसं वाटलं, पण हात अवोकाडोने माखलेले होते.

टेबलाशी परत आली तर ओरिएताबाई उभ्या. त्यांनी एप्रनच्या खिशातून पाकीट काढलं. त्यावर अनाईसचं नाव होतं, आणि कडा हाताळून मऊ झाल्या होत्या.

"तुझे हप्ते. पहिल्या आठवड्यापासून तयार आहेत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही मला इतके दिवस खेळवलंत?"

"खेळवलं. पैसे एका मिनिटात देता येतात गं. पण दिले असते, की कंपनीने तिची जागा दुसऱ्या शाळेला दिली असती. ती मला परत आणता आली नसती." त्यांनी पाकीट पुढे धरलं. "आता पैसे आणि जागा, दोन्ही तुझ्यासमोर आहेत. सोमवारी कंपनीला नावं कळवायची. पैसे नेलेस तरी मी तोंड वाकडं करणार नाही. आणि खुर्ची हप्त्यांवर घेतलीय. तू विचारायच्या आधीच सांगते."

यास्ना लाजेने कानापर्यंत लाल झाली. पलीकडे अनाईस पाव खात होती. ती आईकडे बघत होती, बऱ्याच दिवसांनी, टाळाटाळ न करता. तिलाही पाकीट दिसलं होतं. पावाचा घास तिच्या तोंडात तसाच राहिला.

रांगेतून कोणीतरी ओरडलं, की अवोकाडो संपला का.

"तुमच्याच खिशात ठेवा ताई," यास्ना म्हणाली. "माझे हात खराब आहेत."

"धुऊन ये मग. मी थांबते."

"कशाला? अजून अर्धं घमेलं ठेचायचंय."

तिने खाली वाकून पुढचा अवोकाडो उचलला आणि कापला. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसंच वाहू दिलं. मिलाराईचा आवाज अंगणात पुन्हा सुरू झाला होता.