तटस्थताताईचे डोळे

साहेब, तुम्ही खोटं बोललात. चित्र काढून दे, कामगारांच्या कॅम्पातल्या सगळ्यांना विषारी वायूपासून वाचवणारे मास्क देतो, असं तुम्ही माझ्याच खाटेवर बसून, माझाच चहा पीत म्हणाला होतात.

चित्र तुमच्या वकिलातीच्या सव्वीस जानेवारीच्या बंद हॉलमधल्या कार्यक्रमासाठी होतं. आपला देश आखातातल्या या लढाईत कुणाच्याच बाजूचा नाही, हे एका बाईच्या रूपात दाखवायचं. देवी इथे चालायची नाही म्हणून तुम्हीच तिला तटस्थताताई केलंत. मी पेणला गणपती रंगवायचो, रियाधमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवतो. ताई काढली. एका हातात कमळ, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या, दोन्ही अंगांना रणगाडे. डोळे आमच्या रीतीप्रमाणे सगळ्यात शेवटी उघडले.

तुम्ही बघायला आलात. डावीकडे गेलात, उजवीकडे गेलात, खाली वाकलात.

"गुणाजी, ही माझ्याकडेच का बघते?"

"गणपतीचे डोळे काढणारा हात आहे, साहेब," आमचा स्वयंपाकी हाशम म्हणाला. "संडासात लपलात तरी शोधून काढील."

"मग प्रत्येक पाहुणा म्हणेल, ही आपल्याच बाजूची. डोळे मिटून टाक."

"झोपली म्हणतील," मी म्हणालो.

तेवढ्यात हल्ल्याचा भोंगा झाला. आम्ही ओले टॉवेल तोंडाला लावून खाटांखाली शिरलो. तुम्ही पिशवीतून मास्क काढून चढवलात. सगळं शांत झाल्यावर त्यातूनच काहीतरी बोललात, कुणाला कळेना. मास्क काढून पुन्हा म्हणालात तेव्हा कळलं. "हिला हाच घाल. डोळेच दिसायला नकोत."

नमुना म्हणून तुमचा मास्क ठेवून गेलात. मी ताईला तो हुबेहूब घातला. कार्यक्रमात लोकांनी चित्र वाखाणलं, हार तुमच्या गळ्यात पडला. समोसे वाढता वाढता हाशमने सगळं पाहिलं. कॅम्पात मात्र एकही मास्क आला नाही. विचारलं तर तुमचा माणूस म्हणतो, वर कळवलंय.

म्हणजे चित्रातल्या बाईला मास्क मिळाला, श्वास घेणाऱ्यांना नाही.

काल तुमचा ड्रायव्हर तुमचा मास्क न्यायला आला होता. त्याला सांगितलं, आम्ही तटस्थ आहोत, कुणालाच देत नाही. भोंगा झाला की तो आम्ही पाळीपाळीने घालतो. हाशमची दाढी आत मावत नाही, एवढीच तक्रार आहे.

तेव्हा सरळ सांगा साहेब, बाकीचे मास्क घेऊन कधी येता?