पूर्ण वाक्यांचा चढ

कोलकात्यात चढ नाही. उड्डाणपूल आहेत, मेट्रोचे जिने आहेत. पण पायांना एखादा अवघड प्रश्न विचारील असा उंचवटा या शहरात चार वर्षांत माझ्या पाहण्यात आलेला नाही. त्यामुळे इथे कोणालाही स्वतःच्या दमाविषयी वाटेल ते मत निर्धास्तपणे बाळगता येते. माझा नवरा चारुदत्त असेच एक मत बाळगून होता.

"अनु, ज्याने विसाव्या वर्षी भर मे महिन्यात राजगडाचा बालेकिल्ला चढलाय, त्याला सोप्या गटात घालणं हा गडाचा अपमान आहे."

"गडाला कळवणार कोण?"

"मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. पुरावा तीस वर्षांपूर्वीचा आहे."

"राजगड आहे तिथेच आहे."

"तो आहे. तू गार्डन रीचच्या ऑफिसात खुर्चीवर आहेस."

विषय सिंगालीला डोंगरधारेचा होता. ही धार दार्जिलिंगच्या पलीकडे नेपाळच्या सीमेवरून जाते आणि तिच्यावरून चालताना कांचनजंगा दिवसचे दिवस समोर असतो. डमडमचा 'तुषारपथ' हा गिर्यारोहण क्लब नोव्हेंबरात तिथे दोन गट नेणार होता. तुमलिंगच्या मुक्कामापर्यंत दोन्ही गट एकत्र जाणार होते. पुढे सोपा गट तिथेच राहून आसपास हिंडणार होता आणि अवघड गट धारेवरून थेट फालूटपर्यंत चालणार होता.

मला फालूटपर्यंत जायचे होते, आणि त्याला कारण होते. एकदा बागडोगऱ्याहून कोलकात्याला परतताना विमानाच्या खिडकीतून मला एक पांढरी रेघ दिसली. शेजारच्या गृहस्थांनी हात जोडून "कांचनजंगा" असे सांगितले. काचेवर ओरखडे होते, आकाशात ढग होते आणि रेघ क्षणभरच दिसली. डोंगर की ढग, हा निर्णय मी राखून ठेवला. खिदिरपूरच्या बंदरात उतरणाऱ्या मालाचे नमुने तपासणे हे माझे काम; एका ओझरत्या नमुन्यावर मी अहवाल देत नाही. धारेवरून अनेक सकाळी, अनेक कोनांतून पाहिले असते तर ढग असल्यास तो हलला असता. पण पुढच्या उन्हाळ्यात माझी नागपूरला बदली ठरली होती. म्हणजे हा नोव्हेंबर शेवटचा.

अडचण क्लबच्या नियमात होती. "अवघड गटातून कोणी परत फिरलं, तर त्याच्या घरचं माणूसही त्याच्याबरोबर खाली येतं," क्लबचे प्रमुख शंतनुदा फोनवर म्हणाले होते. "आजारी माणसाला अनोळखी लोकांत सोडायचं नाही." नियम निर्दोष होता. चारुदत्त मात्र अवघड गटाखेरीज ऐकायला तयार नव्हता, आणि तो वाटेतल्या संदकफूच्या चढावर बसला तर माझा पर्वत तिथेच संपणार होता.

माझ्या स्वतःच्या बाजूने तर काहीच पुरावा नव्हता. मी सपाट नागपूरची. गड चित्रांत पाहिलेले. "तुला मी सांभाळून नेईन," असे चारुदत्त उदारपणे म्हणे, आणि त्यात काही वावगे आहे असे मलाही वाटत नसे.

रविवारी सकाळी क्लबने इच्छुकांना डमडमच्या एका उंच इमारतीखाली बोलावले. इमारतीत क्लबचा एक सभासद राहत होता आणि डोंगराअभावी तिचा जिना वापरला जाई. पाण्याच्या बाटल्यांनी भरलेल्या सॅक आमच्या पाठीवर चढवून शंतनुदा म्हणाले, "धावायचं नाही. चढत राहायचं आणि मला एक गोष्ट सांगायची. वाक्यं पूर्ण हवीत. वाक्य तुटू लागलं की समजायचं, हा वेग तुमचा नाही."

मी आक्षेप शोधला. मला ती सवयच आहे. सापडला नाही. बोलायला श्वास शिल्लक लागतो आणि तो शिल्लक आहे की नाही, हे वाक्य लपवू शकत नाही.

चारुदत्त खुलला. मंडळाच्या गणेशोत्सवात आभारप्रदर्शनाला उभा राहिला की लोक चपला शोधू लागतात, अशी त्याची ख्याती आहे. "एवढंच? बोलायचंच आहे ना?" असे म्हणून त्याने हिंदीत राजगड सुरू केला.

पहिले काही मजले गडाच्या भूगोलात गेले. वाक्ये लांब आणि उपवाक्यांनी नटलेली होती. पुढे उपवाक्ये गळाली. मग विशेषणे गेली. "आम्ही वर पोचलो. तिथं वानरं. पिठल्याचा डबा... डबा..." आणि तो कठड्याला धरून उभा राहिला.

"दादा, डब्याचं काय झालं?" शंतनुदांनी विचारले.

चारुदत्तने हाताने माझ्याकडे निर्देश केला. ही गोष्ट मी लग्नापासून ऐकत आले आहे; ती अर्धवट सोडवेना. मी चढत चढत पुढे सांगू लागले. वानराने डबा पळवला, सगळे त्याच्यामागे धावले, हे सर्व आले. शिवाय चारुदत्त जो तपशील नेहमी गाळतो तोही आला: डब्याची राखण त्याच्याकडेच होती आणि तो डबा उशाला घेऊन झोपला होता.

"हे... हे कोणी सांगितलं तुला?" खालच्या जिन्यावरून आवाज आला.

"तुझ्या आईने."

शंतनुदा हसत होते. पण त्यांचे लक्ष गोष्टीकडे नव्हते. गच्चीचे दार आले तेव्हा मी वानराच्या पुढच्या हालचालींविषयी एक लांबलचक वाक्य बोलत होते.

"बौदी, तुम्ही सराव कुठे करता?" त्यांनी विचारले. बंगालीत वहिनीला बौदी म्हणतात.

"कुठेच नाही."

"शक्यच नाही."

उत्तर चारुदत्तने दिले, गच्चीवर पोचून पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसल्यावर, हप्त्याहप्त्याने. "लिफ्ट. आमच्या बिल्डिंगची. तपासणीच्या कागदावरची मुदत... संपलेली आहे. ही वाचते ते. म्हणून चढते. सहा मजले. भाजी घेऊन. चार वर्षं." श्वास घेऊन त्याने पुस्ती जोडली, "मी हसायचो."

ते खरे होते. "पडली का अजून?" असे तो रोज लिफ्टचे दार लावता लावता विचारी. मला केवळ पडायचे नव्हते. दम वाढवण्याचा हेतू नव्हता.

एक विमान चाके बाहेर काढून आमच्या डोक्यावरून विमानतळाकडे उतरत गेले. मग शंतनुदा म्हणाले, "बौदी फालूट. दादा तुमलिंग. एकत्र जायचं असेल तर दोघंही तुमलिंग. ठरवा."

"दोघंही तुमलिंग चालेल," मी म्हणाले. ते पूर्ण वाक्य होते, पण खरे नव्हते.

चारुदत्तने माझ्याकडे पाहिले. त्याचा श्वास आता जागेवर आला होता. "अनु, त्या पांढऱ्या रेघेवर तू दोन वर्षं निकाल दिलेला नाहीस. नागपूरला गेल्यावर आणखी वीस वर्षं मला तेच ऐकावं लागेल. तू फालूटला जा. मी तुमलिंगला बसून चहा पितो. ऐकायला नवीन माणसं मिळतील."

"गडाच्या अपमानाचं काय?"

"गडाला कळवणार कोण?"

नोव्हेंबरात तसेच झाले. तुमलिंगच्या वळणावर तो हात हलवत उभा राहिला आणि मी पुढे चालू लागले. संदकफूला पहाटे, फालूटला दुपारी आणि पुन्हा पहाटे मी पाहिले. ढग आले, गेले. मागचे पांढरे जागचे हलले नाही. माझे डोळे भरून आले; वारा बराच होता.

परतले तेव्हा तुमलिंगच्या चहावालीपासून सोप्या गटापर्यंत सगळ्यांना वानराची गोष्ट पाठ झालेली होती, उशाच्या डब्यासकट.

"मग? ढग की डोंगर?" चारुदत्तने विचारले.

"डोंगर."

"लेखी देशील?"

कोलकात्यात घरी पोचलो. तो सवयीने लिफ्टपाशी गेला, चष्मा लावून भिंतीवरचा कागद वाचला आणि सॅक सावरून जिन्याकडे वळला. "फालूटची गोष्ट आता मी सांगतो," तो म्हणाला, "तू फक्त चुका काढ."

तिसऱ्या मजल्यावर त्याचे वाक्य तुटले. पुढचे मी सांगितले.