क्षितिजावरचे शीड

हेमंतातली सायंकाळ. केशरवर्णी, मंदपावली, ओलसर सायंकाळ. वेंगुर्ल्याच्या वाळूवर जांभळ्या सावल्या लांबलेल्या, लाटांच्या कडांवर सोने वितळलेले, आणि त्या तेजोत्सवात एकच मानवी आकृती: पाठमोरी, फिकट निळ्या पातळातली, एकटी.

शालन तेंडोलकरने हे चित्र रंगांच्या सुट्या, थरथरत्या फटकाऱ्यांतून उमलवले होते. आकृती तिच्या मालूआत्याची, नुकत्याच निवर्तलेल्या. आत्याने लग्न केले नाही. आयुष्यभर मुलींना शिकवले, आणि तिन्हीसांजेला ती समुद्रावर जाई, केवळ समुद्रासाठी. म्हणून शालनने तिच्यापुढचे क्षितिज मोकळे ठेवले होते. निर्मळ, निःसीम, निर्जन.

कोल्हापुरात प्रदर्शनाच्या उद्घाटनाला ती आली आणि आपल्याच चित्रासमोर थबकली. क्षितिजावर एक शीड होते. पांढरेशुभ्र, टोकदार, परके.

"हे कुणी केलं?"

कलामंडळाचे अध्यक्ष नाडगौडा प्रसन्न हसले. "मीच घातलं काल. चार फटकारे, बस. नुसती एकटी बाई, ओकंबोकं दिसत होतं हो. आता बघा, धनी परत येतोय तिचा. चित्राला अर्थ आला."

अर्थ. तो शब्द तापल्या शिशासारखा शालनच्या कानात उतरला. जी स्वतःच्या तेजाने उजळली, स्वतःच्या पावलांवर उभी राहिली, तिला मरणोत्तर नवरा चिकटवला, आणि त्याला अर्थ म्हटले. शालनच्या अंगात आधी तांबडा जाळ चढला, मग शेंदरी, मग नुसता पांढरा.

"ती माझी आत्या आहे," ती सावकाश म्हणाली. "तिला नवरा नव्हता. तिला तो नको होता."

"असेल. पण बघणाऱ्याला ते कसं कळणार?"

खालचा रंग केव्हाच सुकलेला, वरचा अजून ओला. शालनने खांद्यावरचा पदर ओढला आणि शीड पुसले. एकदा, पुन्हा, पुन्हा. पदरावर पांढरा चिखल माखत गेला, आणि क्षितिज श्वास घेऊ लागले.

"असं केलंत तर चित्र प्रदर्शनातून काढावं लागेल," नाडगौडा थंडपणे म्हणाले.

"मीच काढते."

तिने चित्र भिंतीवरून उतरवले आणि रंगांची बाजू बाहेर ठेवून छातीशी धरले. बाहेर रिक्षा होत्या, सायकली होत्या, शाळा सुटलेल्या मुली होत्या. त्या वळूनवळून पाहत होत्या. भर उन्हात, भर रस्त्यातून, झळाळत, उसळत, एक अख्खा समुद्र चालला होता.