मेणातली गाठ

"मेण वितळवायच्या आधी नंबर वाचत जाय, तारा. आत माणूस हाये."

प्रयोगशाळेत ताराला काम शिकवणारे मार्तंडकाका निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी वैशाखात त्यांचा आवाज तिच्या कानात यायचाच. तपासायच्या गाठीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवलेले असत. मेण महाग, म्हणून दर उन्हाळ्यात जुने ठोकळे वितळवायचे, हा नागपुरातल्या त्या दवाखान्याचा रिवाज.

आज पातेलं तापत होतं, तेवढ्यात कोराडीच्या वीजघरातला रुपराव दारात आला. हातात बायकोचा, गोपिकाचा, केसपेपर.

"ताई, आठ महिने टीबीच्या सुया टोचून राहिले. मानेतली गाठ हटत नाही, आता काखेतही आली. सुया तिले देऊन राहिले का गादीले, काही समजत नाही."

ताराने रजिस्टर उघडलं. प्रयोगशाळेच्या डॉक्टरसाहेबांचंच अक्षर: 'निश्चित ओळखता येत नाही. टीबी असेल, नाहीतर लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर. ठोकळा मुंबईच्या तज्ज्ञांना दाखवावा.' केसपेपरवर मात्र वॉर्डाने एकच शब्द उतरवला होता: टीबी.

ताराने केसपेपर टेबलावर आपटला. बाकीचं लिहायला हात मोडला होता?

गोपिकाचा ठोकळा, नंबर ४१२, पातेल्याशेजारच्या ढिगात होता. तो उचलून ती साहेबांसमोर उभी राहिली.

"मंजुरी मागवू, मग टपालाने पाठवू," साहेब म्हणाले.

"या उन्हात टपालाच्या डब्यात मेण वितळतं, साहेब."

"नियम आहे, ताराबाई."

"आठ महिने त्या बाईला भलत्या सुया टोचल्या. त्याला कुणाची मंजुरी होती?"

बावीस वर्षांत तिचा आवाज या खोलीबाहेर गेला नव्हता. आज व्हरांड्यातले लोक थबकले. साहेबांनी मान वर न करता दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एक मुंबईच्या तज्ज्ञांना, एक वॉर्डातल्या डॉक्टरांना; ठोकळा स्वतः न्यायला तिने पुढे केलेल्या रजेच्या अर्जावरही सही केली.

"तुम्ही सोता मुंबईले जाता?" रुपरावने विचारलं. "गोपिका म्हणत होती, सोमवार असते तुमचा. उपाशी काहून जाता?"

"उपासाला पाणी चालते, भाऊ. तिला सांगा, दाखवूनच परत येईन. तोवर तपासायला दुसरी गाठ कापू देऊ नका, वॉर्डातल्या डॉक्टरांना ही चिठ्ठी दाखवा."

ठोकळा तिने कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला, डबीभोवती फडकं गुंडाळलं. फाटकाशी थांबून, मेण गार राहावं म्हणून, उपासासाठी आणलेल्या तांब्यातलं पाणी त्या फडक्यावर ओतलं, पदराखाली डबी धरली आणि ती स्टेशनच्या रस्त्याला लागली.