चाळणीचा बुधवार

खेळत होता तेव्हा तो फुटबॉलचा उत्तम बचावपटू होता, पण हे आता कुणाच्याही लक्षात नाही. लक्षात राहिला तो एकच अंतिम सामना. गोलकीपर जायबंदी झाला, बदली खेळाडू संपलेले, तेव्हा "मी उभा राहतो" म्हणत हा पठ्ठ्या हातमोजे चढवून गोलात गेला. उभा राहिला, एवढंच. पाच गोल त्याच्या बगलेतून, पायांतून आणि डोक्यावरून आरपार गेले. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं चाळणी. लोकांना काय, फुकटची करमणूक! दुकानात त्याच्या बायकोला "चाळणीवहिनी" अशी हाक यायची, आणि ती बिचारी रागारागाने का होईना, वळून बघायची.

पुढे तो मॅनेजर झाला. डबघाईला आलेला क्लब त्याने पहिल्या नंबरासाठी झुंजण्याइतका वर आणला. तरी त्याच्या एका खुळावर सगळे हसतच. दर बुधवारी सरावात एकूण एक खेळाडूने गोलात उभं राहून पेनल्टी अडवायची. तो स्वतः मात्र त्या सामन्यानंतर हातमोज्यांना कधी शिवला नव्हता.

संघाच्या हुकमी फॉरवर्डला सगळे शेठ म्हणत. बुधवार उजाडला की शेठचा तिळपापड व्हायचा.

"साहेब, माझं काम गोल करायचं, खायचं नाही."

"थोडे खाऊन बघ. पचले की सुटलास."

एका बुधवारी शेठचं बोट मुरगळलं आणि प्रकरण अध्यक्षांच्या कानावर गेलं. त्यांनी चाळणीला समोर उभं केलं. "शेवटचा सामना जिंकला नाहीत, तर तुम्ही आणि तुमचा बुधवार, दोघंही घरी!"

घरी बायको शर्टाला इस्त्री करत होती. "सोडून दे ना तो बुधवार. किती हसू करून घेशील?"

"हसू तर तेव्हाच झालं. मला कुणी शिकवलं नव्हतं गं, नुसतं उभं केलं होतं. माझ्या पोरांवर ती वेळ नको यायला." तिने शर्ट त्याच्या हातात दिला.

शेवटच्या सामन्यात शेठने गोल केला. तो एक गोल शेवटच्या मिनिटापर्यंत पुरला. मग चाळणीच्या गोलकीपरने घाबरून समोरच्या खेळाडूला पाडलं. लाल कार्ड, वर पेनल्टी. बदली खेळाडू संपलेले. बरोबरी झाली तरी विजेतेपद समोरच्यांचं. चाळणी बाकावरून उठला. अगदी तोच प्रसंग.

कुणाला पाठवायचं हे ठरवायच्या आधीच शेठ समोर येऊन उभा राहिला. "साहेब, हातमोजे द्या."

"अरे, बोट?"

"बोटाचं मागाहून बघू."

"हे बघ, चेंडूवर नजर..."

"ठेवायची नाही. मारणाऱ्याच्या रोवलेल्या पायाकडे बघायचं. दर बुधवारी तेच तर ऐकतोय, साहेब."

शेठ गोलात गेला आणि गुडघ्यांत वाकला. पलीकडच्याने धाव घेतली, पाय रोवला, आणि शेठने डावीकडे अंग झोकून दिलं. चेंडू त्याच्या त्याच मुरगळलेल्या बोटाला लागून खांबाबाहेर गेला. पाठोपाठ शिट्टी वाजली.

मैदान डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. अध्यक्ष तर असे धावत आले, जणू बुधवार त्यांनीच शोधून काढला होता! शेठने गर्दीतून वाट काढली, हातमोजे उतरवले आणि चाळणीपुढे धरले.

तेवढ्यात प्रेक्षकांतून हाक उठली, "चाळणी! चाळणी!" जुनीच हाक, पण आज तिच्यात कुचेष्टा नव्हती. त्याने वर पाहिलं. सगळ्यांच्या पुढे, कठड्यावर ओणवी होऊन, घसा फोडून त्याची बायकोच ओरडत होती.

त्याने हातमोजे चढवले आणि दोन्ही हात उंच केले.