साडेपस्तीसचं बटण

शिंप्याला कान नसतात असं धरूनच लोक दुकानात बोलतात. त्या दिवशी शाळेतल्या दोघी नव्या स्कर्टचं माप द्यायला आल्या होत्या. एकीच्या कमरेला टेप, आणि तोंडाची टकळी चालूच.

"अणुभार एकदाचा डोक्यात शिरला गं. नव्या बाईंनी काय मस्त सांगितला!"

"नाहीतर काय! मागच्या वर्षी नुसती घोकंपट्टी. क्लोरीन साडेपस्तीस, क्लोरीन साडेपस्तीस..."

मग तिला काय आठवलं कोण जाणे, तिने मैत्रिणीला कोपर मारलं. डोळ्यांनीच शिंप्याकडे खूण केली.

मागच्या वर्षी तो धडा शिंप्याच्या बायकोने शिकवला होता. ती त्या शाळेत रसायनशास्त्राची बाई होती. अणुभाराचा दिवस आला की ती घरी येऊन चपला काढायच्या आधीच म्हणायची, "यंदाही पोरींच्या डोक्यात उजाडलं नाही." मग रात्रीपर्यंत फुगून बसायची. तिला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

"काका, टेप ढिली झाली."

"पोट आत ओढलंस म्हणून," तो खेकसला.

मुली गेल्या आणि याच्या मनात जळफळाट सुरू झाला. आयत्या बिळावर नागोबा! हिची खुर्ची घेतली, हिच्या मुली घेतल्या, तेवढ्याने भागलं नाही, आता हिला जो धडा कधी जमला नाही तोही येऊन जमवून दाखवला. समजते कोण ती नवी बाई स्वतःला? मशीनवर बसला तर शिवण वाकडी गेली. उसवून पुन्हा घातली, पुन्हा वाकडी.

आणि त्याच आठवड्यात ती नवी बाई स्वतःच्या पायांनी दुकानात आली.

"मास्तर, प्रयोगशाळेत घालायला पांढरा कोट हवा. तुम्ही चांगला शिवता म्हणे."

वयाने लहान, केस आखूड, बोटांना खडू. तिला शाळेत येऊन थोडेच दिवस झाले होते. हा कोण, कोणाचा, तिला काही ठाऊक नव्हतं. शिंप्याने टेप लावली.

"खांदा लहान आहे," तो म्हणाला. जणू तिची मोठी चोरीच पकडली.

"असू दे की."

"नाही, म्हटलं आपलं. तुम्ही अणुभार फार छान शिकवता, असं ऐकलं."

"कोण म्हणालं?" तिचा चेहरा लगेच खुलला.

"मुली. आमच्यासारख्या अडाण्याला कळेल का हो तो?"

काहीही झालं तरी 'कळलं' म्हणायचं नाही, हे त्याने आधीच ठरवून टाकलं होतं.

तिने बटणांचा ट्रे पुढे ओढला.

"एक अणू काही तराजूत घालता येत नाही. म्हणून कार्बनच्या एका अणूला बारा मानलं आणि बाकीच्यांना त्याच्याशी लावून पाहिलं. कोणी त्याच्याहून हलका, कोणी दुप्पट, कोणी तिप्पट. साधी तुलना."

"म्हणजे सदानकदा दुसऱ्याशी बरोबरी," तो म्हणाला. "हे मला जमतं."

ती हसली. "आता क्लोरीन. त्याचे अणू दोन तऱ्हेचे. पांढरं बटण पस्तीसचं, काळं सदतीसचं. निसर्गात तीन पांढरी असली की साधारण एक काळं सापडतं. चारही आकड्यांची बेरीज करा, चारने भागा. साडेपस्तीस! पण आता या ट्रेमध्ये मला साडेपस्तीसचं बटण शोधून द्या."

तो खरंच शोधू लागला. मग हात थांबला. नव्हतंच असं बटण. ती नुसती सरासरी होती.

त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि पाठोपाठ जिवाला झोंबलं. हेच बायको जेवताना किती वेळा सांगायची! बोटांवर मोजून, ताटात भाताचे ढीग करून. तेव्हा काही कळलं नाही आणि या परक्या बाईने एका दमात डोक्यात उतरवलं.

"कळलं?"

"नाही."

तिने पुन्हा सांगितलं.

"नाही बुवा."

तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज थोडा पडला. शिंप्याला बरं वाटलं. तिने बटणं गोळा केली आणि नव्याने मांडली. दोन पांढरी, दोन काळी.

"हे बघा. यांची बेरीज, भागिले चार. झाले साडेपस्तीस."

"कसे होतील? छत्तीस होतील! एक काळं काढा आणि तिसरं पांढरं..."

त्याने जीभ चावली.

"वर्गात सोंग घेणाऱ्यांना मी असंच पकडते," ती म्हणाली. "कळलं की तुम्हाला!"

शिंप्याच्या कानशिलापर्यंत आग गेली. "कळलं. पण तुमच्यामुळे नाही. मला आधीच्या बाईंनी शिकवलं होतं."

तिचं हसू मावळलं. बटणं तिने ट्रेमध्ये जवळजवळ फेकलीच.

"आधीच्या बाई! आता इथेसुद्धा? वर्गात पाऊल टाकलं की हेच. आधीच्या बाई चुकलं तरी ओरडायच्या नाहीत. आधीच्या बाई ॲसिडची बाटली उघडताना आम्हाला मागे ढकलून स्वतः पुढे राहायच्या. खुर्चीची गादी बदलायला काढली तर पोरींनी बदलू दिली नाही. एक धडा मला बरा जमला, तर एकजण म्हणते, 'तुम्ही छान शिकवता, पण त्या आमच्या होत्या.' गेलेल्या माणसाशी मी बरोबरी तरी कशी करायची, मास्तर?"

शिंप्याने तिच्याकडे पाहिलं. ती जळत होती. अगदी त्याच्यासारखीच, पोटातून. आणि तिच्या त्या जळण्याने त्याला जे सुख झालं ते कोणाच्या सांत्वनाने झालं नव्हतं.

त्याने स्टुलावरच्या कापडाच्या चिंध्या हाताने खाली लोटल्या.

"बसा. त्यांच्याबद्दल अजून काय म्हणतात मुली?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"माझी बायको होती ती."

नवी बाई लालबुंद झाली. "अहो, मला माहीत नव्हतं... माफ करा, मी उगाच..."

"माफी नको. सांगा."

ती बसली. मग, काहीशा नाराजीनेच, सांगू लागली.